इलेक्ट्रिक पिकअप मागे घेताना : आरसे, कॅमेरा आणि खडूच्या रेघा

कळमन्याच्या बाजार समितीत, कॉटन मार्केटमध्ये आणि हिंगण्याच्या एमआयडीसीत हिरव्या नंबरप्लेटवर पिवळी अक्षरे असलेल्या छोट्या मालवाहू गाड्या आता रोज दिसतात. त्या चालवणारे बहुतेक जण आधी डिझेलचा छोटा हत्ती किंवा मोठी पिकअप चालवत होते, त्यामुळे गाडी पुढे कशी न्यायची हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. अडचण येते ती मागे घेताना. मी नागपुरात माल पोहोचवण्याचा व्यवसाय करतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या चालकाला पहिले दोन दिवस मी फक्त गाडी मागे घ्यायला लावतो, आणि त्या दोन दिवसांत जे शिकवतो ते इथे क्रमाने लिहिले आहे.

हा क्रम मला एका संध्याकाळी सुचला. मस्कासाथच्या एका गल्लीत मी स्वतः बंद बॉडीची इलेक्ट्रिक गाडी मागे घेत होतो. पडद्यावर गल्ली रिकामी दिसत होती. गल्ली अरुंद म्हणून डावीकडचा आरसा दुमडलेला होता. डाव्या मागच्या चाकाजवळ एक हमाल पोते टेकवून, पाठ गाडीकडे करून दम घेत बसला होता. तो कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर होता आणि गाडी सुरू झाल्याचे त्याला ऐकूही आले नव्हते. समोरच्या चहावाल्याने आरोळी ठोकली तेव्हा चाक त्याच्यापासून वीतभर अंतरावर थांबले. त्या रात्री मला झोप लागली नाही. पडदा खोटे बोलला नव्हता, त्याला जेवढे दिसत होते तेवढे त्याने दाखवले होते. पण त्याला नेमके किती दिसते हे मी कधी मोजलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खडू आणि टेप घेऊन गाडीमागे उभा राहिलो.

इलेक्ट्रिक गाडीत वेगळे काय असते

डिझेलची गाडी मागे येते तेव्हा सांगून येते. इंजिनाची धडधड असते, रिव्हर्स गिअरचा तो ओळखीचा आवाज असतो, आणि पाठमोरा उभा असलेला माणूसही न पाहता दोन पावले बाजूला होतो. इलेक्ट्रिक गाडी कमी वेगात जवळजवळ आवाज करत नाही. मागे घेताना वाजणारा बझर असला तरी इतवारीच्या गोंगाटात, जिथे चहूबाजूंनी तसेच बझर वाजत असतात, तो नेमका आपल्यामागे वाजतो आहे हे कोणाच्या ध्यानात येईलच असे नाही. म्हणून लोक सरकतील हा जुना भरवसा आधी मनातून काढून टाकावा लागतो.

दुसरा फरक पायाखाली असतो. या गाडीत रिव्हर्ससाठी वेगळा गिअर नसतो. मोटार उलटी फिरते आणि गाडी मागे जाते. मोटारीचा जोर अगदी शून्य वेगापासून मिळतो आणि क्लच नसतो, त्यामुळे अर्ध्या क्लचवर गाडी रांगवत मागे घेण्याची वर्षानुवर्षांची सवय इथे उपयोगी पडत नाही. काही गाड्या ब्रेक सोडताच आपोआप हळूहळू सरकू लागतात, तर काही पेडल दाबेपर्यंत जागच्या हलत नाहीत. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे पहिल्याच दिवशी मोकळ्या जागेत पाहून घ्या. सरकणारी असेल तर मागे घेताना पाय कायम ब्रेकवर ठेवा आणि वेग ब्रेकनेच सांभाळा.

तिसरा फरक बॉडीचा आहे, पण तो इलेक्ट्रिकपुरता मर्यादित नाही. कंटेनर बसवलेल्या गाडीत केबिनच्या मागे पत्र्याची भिंत असते, त्यामुळे आतला आरसा निकामी होतो. अमेरिकेतल्या टेस्लाच्या सायबरट्रक या इलेक्ट्रिक पिकअपमध्येही हौद्यावरचे सरकते झाकण बंद केले की मागची काच झाकली जाते आणि मागचे दृश्य पडद्यावरच पाहावे लागते. अमेरिकेत १ मे २०१८ पासून सुमारे साडेचार टनांपर्यंतच्या प्रत्येक नव्या गाडीला मागचा कॅमेरा बंधनकारक आहे. गाडीमागची १० फूट रुंद आणि २० फूट लांब पट्टी त्यात दिसली पाहिजे आणि रिव्हर्स टाकल्यापासून २ सेकंदांत चित्र आले पाहिजे, असे तो नियम सांगतो. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या प्रवासी मोटारींना मागे घेताना इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. मालवाहू गाडी घेताना मात्र ती यंत्रणा, कॅमेरा आणि पडदा हे सगळे मिळेलच असे गृहीत धरू नका. शोरूममध्येच रिव्हर्स टाकायला सांगून काय दिसते आणि काय वाजते ते पाहा.

पहिले काम : मागची जमीन मोजा

यासाठी सपाट, मोकळी जागा लागते. मी रविवारी बंद असलेल्या गोदामाचे आवार वापरतो. साहित्य साधे आहे: खडू, मोजायची टेप, संत्र्याची चार-पाच रिकामी कॅरेट आणि एक मदतनीस. गाडी सरळ उभी करा, हँडब्रेक ओढा, किल्ली बंद करून स्वतःजवळ ठेवा. मागच्या बंपरपासून अर्धा मीटर, एक मीटर, दोन मीटर आणि तीन मीटर अशा चार आडव्या रेघा जमिनीवर ओढा. त्या गाडीच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना एकेक मीटर जास्त लांब असू द्या, कारण धोका कोपऱ्यांतच लपलेला असतो. गाडीच्या दोन्ही कडांच्या सरळ रेषेत मागेपर्यंत दोन उभ्या रेघाही ओढा.

आता चालकाच्या जागेवर, रोज बसता तसे बसा. आधी कॅमेरा विसरा आणि फक्त आरशांत पाहा. मदतनिसाने एक कॅरेट बंपरला लावून ठेवावे आणि ते हळूहळू मागे सरकवत न्यावे. ज्या ठिकाणी ते पहिल्यांदा आरशात दिसेल तिथे त्याने खूण करावी. हेच मध्यभागी, डाव्या कोपऱ्यात आणि उजव्या कोपऱ्यात करा. बंद बॉडीच्या गाडीत मधले कॅरेट तीन मीटरच्या रेघेपलीकडे नेले तरी दिसत नाही, हे पाहून नवा चालक बहुधा गप्प होतो. ते गप्प होणे गरजेचे आहे. नंतर कॅरेटवर कॅरेट ठेवून पुन्हा पाहा. दोन कॅरेटची उंची साधारण खाली बसलेल्या लहान मुलाएवढी होते, आणि आपल्याला नेमके तेच उंचीचे माप हवे असते.

मग पडदा सुरू करण्यासाठी गाडी चालू करून रिव्हर्स टाका. या वेळी मदतनीस गाडीमागे नसला पाहिजे आणि पाय ब्रेकवर घट्ट असला पाहिजे. कॅरेट हलवायचे असेल तेव्हा आधी गाडी न्यूट्रलला आणून हँडब्रेक ओढा, काम झाल्यावर मदतनीस बाजूला झाल्याची खात्री करा आणि मगच पुन्हा रिव्हर्स टाका. काम कंटाळवाणे आहे, पण एकदाच करायचे असते. कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या जागांवर फुली मारा. शेवटी खाली उतरून पाहिले की आरशांत दिसणारी, पडद्यावर दिसणारी आणि कशातच न दिसणारी जमीन डोळ्यांसमोर असते. माझ्या गाडीत तो शेवटचा भाग मागच्या दोन्ही चाकांपासून बंपरच्या कोपऱ्यापर्यंतचा निघाला. हमाल बसला होता तो नेमका तिथेच. या जमिनीचा फोटो काढून ठेवा. गाडी दुसऱ्या चालकाच्या हाती देताना तो दाखवता येतो.

आरसे आधी, पडदा नंतर

कॅमेरा बसवला म्हणून आरशांची गरज संपत नाही. कॅमेरा मागची जमीन दाखवतो. गाडीचे अंग, मागची चाके आणि बाजूने येणारी दुचाकी आरशातच दिसते. दोन्ही बाजूंचे आरसे असे लावा की आतल्या कडेला बॉडीची अगदी बारीक पट्टी दिसेल आणि उरलेला आरसा रस्त्यासाठी राहील. आरसा थोडा खाली झुकलेला असेल तर मागचे चाक जमिनीला टेकते ती जागा दिसते. सिमेंटच्या उंच रस्त्याची कड आणि त्यालगतची नाली सांभाळायची तर ती जागा दिसलीच पाहिजे. नागपुरात अनेक ठिकाणी सिमेंटचा रस्ता शेजारच्या घरांपेक्षा वर आला आहे, आणि त्या कडेवरून चाक उतरले तर भरलेली गाडी कलते.

बाहेरून कंटेनर बांधून घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. कंटेनर केबिनपेक्षा रुंद असेल तर मूळ आरशांच्या दांड्या आखूड पडतात आणि आरशात पत्र्याशिवाय काही दिसत नाही. बॉडी बांधायला देतानाच लांब दांडीचे आरसे मागून घ्या. अरुंद गल्लीत शिरताना आरसा दुमडावा लागला, तर रिव्हर्स टाकण्यापूर्वी तो उघडायचाच, हा नियम माझ्याकडे कोणालाही मोडता येत नाही.

कॅमेरा कुठे बसवावा

उघड्या हौद्याच्या गाडीत सर्वांत सोयीची जागा फाळका, म्हणजे मागे खाली उघडणारी फळी, वाटते, आणि नेमकी तीच टाळावी. माल लांब असला की फाळका खाली सोडून गाडी चालवावी लागते; मग कॅमेरा जमिनीकडे पाहत राहतो आणि पडद्यावर डांबर किंवा सिमेंटशिवाय काही येत नाही. शिवाय फाळका रोज पंचवीस वेळा उघडतो आणि बंद होतो, त्यामुळे बिजागरीजवळ वाकणारी वायर काही महिन्यांत आतून तुटते. बाहेरून आवरण शाबूत दिसते आणि चित्र मधेच जाते-येते. असा दोष शोधण्यात एक दिवस सहज जातो. त्याऐवजी फाळक्याखालच्या आडव्या लोखंडी पट्टीवर, नंबरप्लेट झाकली जाणार नाही अशा बेताने, आणि बंपरच्या कडेपासून थोडा आत कॅमेरा बसवावा. तो बाहेर आलेला असेल, तर गोदामाच्या ओट्याला गाडी टेकवण्याच्या पहिल्याच दिवशी फुटेल.

बंद बॉडीत कॅमेरा वर, दरवाजांच्या वरच्या चौकटीच्या मध्यभागी लावणे चांगले. तिथून बंपरची कड आणि त्यामागची जमीन दोन्ही दिसतात, आणि आपल्या गाडीचा शेवट नेमका कुठे आहे हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. कॅमेरा दरवाजावर लावू नये; फाळक्याबाबत सांगितले तेच कारण इथेही आहे. मात्र कुठेही लावला तरी तो खाली पाहतो, हे विसरू नका. इतवारीत दुकानांचे पत्रे, लोंबणाऱ्या केबल आणि छज्जे कंटेनरच्या माथ्याच्या उंचीवर असतात आणि ते कोणत्याही मागच्या कॅमेऱ्यात दिसत नाहीत. त्यासाठी खाली उतरून वर पाहणे हाच उपाय आहे.

कॅमेरा घेताना त्यावर आयपी ६७ किंवा आयपी ६९के लिहिले आहे का ते पाहा. पहिल्याचा अर्थ एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिला तरी पाणी आत जात नाही असा आहे, आणि दुसरा जोरदार दाबाच्या गरम पाण्याचा मारा सोसतो. गाडी धुण्याच्या सेंटरवर ज्या पाइपने आपण मागचा भाग धुतो, त्याचा विचार करता दुसरा प्रकार मालवाहू गाडीला अधिक योग्य ठरतो. केवळ दुहेरी टेपवर कॅमेरा चिकटवू देऊ नका. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की पत्रा हात लावू देत नाही इतका तापतो आणि टेप सुटते. स्क्रू किंवा रिव्हेट वापरा, आणि भोकात रबरी बूच बसवायला लावा, म्हणजे पत्र्याच्या धारेने वायर कापली जाणार नाही.

वीज कुठून घ्यावी

इथे मी सर्वांत कडक आहे. इलेक्ट्रिक गाडीत दोन वेगळे वीजसंच असतात. एक मोठ्या बॅटरीचा, उच्च दाबाचा, ज्याच्या वायरी नारिंगी आवरणाच्या असतात. दुसरा १२ व्होल्टचा, ज्यावर बत्त्या, हॉर्न आणि पडदा चालतो. मोठी बॅटरीच एका कन्व्हर्टरमार्फत छोटी १२ व्होल्टची बॅटरी भरत असते. कॅमेऱ्याची वीज नेहमी १२ व्होल्टच्या बाजूनेच, आणि स्वतंत्र फ्यूज लावून घ्यायची. नारिंगी वायरीला, तिच्या खोक्याला किंवा जोडणीला कोणीही हात लावायचा नाही, मग तो वायरिंगवाला कितीही अनुभवी असो. शक्य असेल तर हे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्या आणि वॉरंटीवर परिणाम होणार नाही, हे बिलावर लिहून मागा.

रिव्हर्स टाकल्यावर पडदा आपोआप लागावा म्हणून रिव्हर्सच्या बत्तीकडून इशारा घेतात. थेट त्या वायरीवर भार न टाकता मधे रिले, म्हणजे विजेवर चालणारे छोटे स्विच, घालावा. आणि कॅमेरा किंवा डॅशकॅम (समोरच्या रस्त्याचे चित्रण करणारा कॅमेरा) कायम चालू राहील अशा वायरीला जोडू नका. दिवाळीत चार दिवस आमची एक गाडी उभी होती. पाचव्या दिवशी किल्ली फिरवली तर काहीच लागेना. मोठी बॅटरी सुट्टीआधी जवळजवळ पूर्ण भरलेली होती, पण कायम चालू असलेल्या डॅशकॅमने १२ व्होल्टची छोटी बॅटरी रिकामी केली होती, आणि ती मेली की इलेक्ट्रिक गाडी जागीच होत नाही. तो डॅशकॅम आम्हीच घाईत बसवून घेतला होता आणि तो कुठे जोडला हे विचारायचे राहून गेले होते.

बिनतारी कॅमेऱ्याचा मोह सोडा. त्याला वायर ओढावी लागत नाही हे खरे, पण चित्र मधेच अडखळते किंवा किंचित उशिरा येते, आणि मागे घेताना नेमका तोच क्षण महागात पडतो.

चित्र डावे-उजवे बरोबर आहे का

मागच्या कॅमेऱ्याचे चित्र आरशासारखे उलटलेले असावे लागते, म्हणजे गाडीच्या उजव्या बाजूचे माणूस पडद्यावरही उजवीकडेच दिसते. बाहेरून घेतलेल्या कॅमेऱ्यांत ही उलटापालट बदलण्यासाठी बहुधा एक छोटा वायरीचा फास असतो. तो कापला किंवा जोडला की चित्र फिरते. तपासायची युक्ती सोपी आहे. मदतनिसाला गाडीपासून लांब, उजव्या कडेला उभे करून हात वर करायला सांगा. तो पडद्यावर डावीकडे दिसला तर गाडी घेऊन बाहेर पडू नका. चालकाचा हात घाईत पडद्याप्रमाणे वळतो आणि आरशात दिसणारे त्याच्या उलट असते.

रेघा जुळवणे

पडद्यावरच्या हिरव्या, पिवळ्या आणि लाल रेघा पाहून नव्या चालकाला वाटते की त्या खऱ्या अंतराच्याच आहेत. कारखान्यातून आलेल्या गाडीत त्या त्या गाडीसाठी जुळवलेल्या असतात. काही गाड्यांत स्टीअरिंग फिरवले की रेघाही वळतात. बाहेरून बसवलेल्या कॅमेऱ्यात मात्र त्या चित्रावर छापलेल्यासारख्या स्थिर असतात, आणि कॅमेरा किती उंचीवर व किती झुकवून लावला आहे याच्याशी त्यांचा काहीच संबंध नसतो. म्हणून जमिनीवरच्या खडूच्या रेघांशी त्यांची गाठ घाला. कॅमेरा वर-खाली झुकवत लाल रेघ अर्ध्या मीटरच्या खडूच्या रेघेवर आणा, मग उरलेल्या रेघा प्रत्यक्षात कुठे पडतात ते मोजा आणि ते अंतर कागदावर लिहून पडद्याच्या बाजूला चिकटवा.

हे मोजमाप रिकाम्या गाडीवर करून थांबणे ही मोठी चूक आहे. मागचे पाटे, म्हणजे भार झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, रिकाम्या गाडीत वर उचललेले असतात. माल भरला की मागचा भाग बसतो, कॅमेरा खाली येतो आणि त्याची नजर आणखी जमिनीकडे झुकते. मी संत्र्याची भरलेली कॅरेट लादून पुन्हा मोजले तेव्हा मागचा भाग सुमारे पाच सेंटिमीटर खाली गेला होता, आणि रिकाम्या गाडीत दोन मीटरवर पडणारी रेघ आता गाडीपासून पावणेदोन मीटरच्या आसपास पडत होती. म्हणजे पडद्यावर जे अंतर दोन मीटर वाटते त्यातले वीतभर आधीच संपलेले असते. लाल रेघेचा फरक कमी, पाच-सहा सेंटिमीटरचा असतो, पण ओट्याला गाडी लावताना तेवढ्यानेही दिवा फुटतो. गाडी जितका जास्त भार घेणारी, तितके हे तपासणे महत्त्वाचे. टाटाची एस ईव्ही २०२२ मध्ये ६०० किलो भार क्षमतेची आली आणि २०२४ मध्ये तिची १००० किलोची आवृत्ती निघाली. एका टनाने मागचा भाग किती बसतो हे प्रत्येकाने आपल्या गाडीवर मोजावे. रेघा नेहमी भरलेल्या गाडीवर जुळवा. मग रिकाम्या गाडीत चूक झालीच तर ती थोडे जास्त अंतर सुटण्याची होईल, आणि ती परवडते.

पडदा कसा वाचावा

कॅमेऱ्याची भिंग रुंद कोनाची असते, म्हणून जास्त जागा मावते, पण सगळे आहे त्यापेक्षा लांब आणि लहान दिसते, आणि कडांजवळची सरळ भिंत वाकलेली दिसते. म्हणून पडद्यावर एखादी वस्तू किती मोठी दिसते त्यावरून अंतर ठरवू नका. ती जमिनीला कुठे टेकली आहे ते पाहा आणि त्या जागेची तुलना रेघांशी करा. मागे झुकलेला ट्रकचा हौदा किंवा ठेल्याच्या बाहेर आलेल्या लोखंडी सळ्या हा याला अपवाद आहे. त्या हवेत असतात. चाक तीन मीटरवर दिसत असते आणि सळीचे टोक आपल्या फाळक्याला लागायला आलेले असते. कळमन्यात असा प्रसंग रोजचा आहे.

चित्र येण्याआधी गाडी हलवू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये टेस्लाने अमेरिकेतल्या २७,००० हून अधिक सायबरट्रकसाठी सुधारणा जाहीर केली, कारण रिव्हर्स टाकल्यावर मागचे चित्र यायला ८ सेकंदांपर्यंत उशीर होत होता; दुरुस्ती सॉफ्टवेअरने झाली. ताशी ५ किलोमीटरच्या वेगाने गाडी २ सेकंदांत जवळपास पावणेतीन मीटर जाते आणि ८ सेकंदांत ११ मीटर. मस्कासाथच्या गल्लीत अकरा मीटरमध्ये दोन-तीन दुकाने येतात. आपल्या गाडीला चित्र आणायला किती वेळ लागतो ते मोजा, आणि रिव्हर्स टाकल्यावर मनात तीन अंक म्हणून मगच ब्रेक सोडा.

ऊन-सावलीचाही विचार हवा. दुपारी सिमेंटचा रस्ता पांढराशुभ्र झगमगतो आणि दुकानाच्या पत्र्याखाली काळोख दिसतो. कॅमेरा झगमगाटाशी जुळवून घेतो आणि सावलीत उभा असलेला माणूस पडद्यावर काळ्या ठिपक्यात हरवतो. उन्हाळ्यात बंद गाडीत तापलेला पडदाही काळवंडतो. काच उघडून तो थोडा थंड होऊ द्या. संध्याकाळी कॅमेऱ्याचे तोंड पश्चिमेकडे असेल तर चित्र पूर्ण पांढरे होऊ शकते. अशा वेळी पडद्याचा उपयोग शून्य आहे असे समजून मदतनिसाला खाली उतरवा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे कॉटन मार्केटला जाताना भिंगेवर दव बसते आणि पावसाळ्यात चिखलाचा थर. केबिनमध्ये मऊ, स्वच्छ फडके ठेवा. आधी पाण्याने माती धुऊन मगच पुसा, कारण कोरडी धूळ घासली की भिंगेवर ओरखडे पडतात आणि रात्री प्रत्येक दिव्याभोवती वलय दिसू लागते.

सेन्सरबद्दल थोडे. बंपरमधले सेन्सर ध्वनिलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी ऐकतात. भिंत आणि मोठी गाडी त्यांना चांगली कळते. बारीक खांब, साखळी, कापडाचा गठ्ठा किंवा तिरपा पृष्ठभाग कळेलच असे नाही. उघडलेला फाळका किंवा लोंबणारी ताडपत्रीची दोरी त्यांच्यासमोर आली तर ते सतत वाजत राहतात, आणि सतत वाजणाऱ्या इशाऱ्याकडे माणूस लक्ष देईनासा होतो. दोरी बांधून टाका. सेन्सर बंद करू नका.

प्रत्यक्ष मागे घेताना

गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारा. मागच्या चाकांजवळ, गाडीखाली आणि वर छज्ज्याकडे पाहा. बसल्यावर दोन्ही आरसे, मग रिव्हर्स, मग तीन अंक, मग पडदा, पुन्हा आरसे. नजर एकाच ठिकाणी दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबू देऊ नका. पडद्याला चिकटलेला चालक बाजूने घुसणारी दुचाकी कधीच पाहत नाही. हॉर्नची एक छोटी थाप द्या, कारण आपली गाडी स्वतःहून काही बोलत नाही.

मदतनीस असेल तर त्याने गाडीच्या थेट मागे उभे राहायचे नाही. तो चालकाच्या बाजूला, आरशात पूर्ण दिसेल असा, दोन-तीन मीटर लांब उभा असावा. आपल्याकडे चहूबाजूंनी लोक "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत गाडी मागे घ्यायला लावतात, आणि त्यातला एक जण "बस, बस" म्हणेपर्यंत दुसऱ्याचे "येऊ द्या" कानावर पडते. एकाच माणसाचे ऐकायचे हे आधी ठरवा, आणि आवाजाऐवजी हाताच्या खुणा ठरवा. वर केलेला उघडा पंजा म्हणजे थांबा. तो माणूस आरशातून दिसेनासा झाला, तर तो का दिसत नाही याचा अंदाज बांधत बसू नका, ब्रेक दाबा.

सराव टप्प्याटप्प्याने वाढवा. आधी आवारात रिकामी गाडी कॅरेटच्या दोन रांगांमधून मागे घ्या. एकही कॅरेट न हलता दहा वेळा जमले की माल भरून तेच करा. मग ओट्याला लावण्याचा सराव करा. मग सकाळी, दुकाने उघडण्याआधी, इतवारीतल्या गल्लीत जा. गर्दीच्या वेळी आणि रात्री जायचे ते त्यानंतर. रात्रीसाठी रिव्हर्सची बत्ती पुरेशी प्रकाशमान आहे का हे आवारातल्या खडूच्या रेघांवरच पाहून घ्या. तीन मीटरची रेघ पडद्यावर दिसत नसेल तर बत्तीची काच पुसून किंवा बत्ती बदलून पुन्हा पाहा.

पाटे बदलले, वेगळ्या मापाचे टायर लावले, बॉडी बदलली किंवा मागून धक्का बसून कॅमेरा हलला, तर खडू, टेप आणि कॅरेट पुन्हा बाहेर काढा. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी हे काम होते. दोन गाड्या मोजायला पाऊण तास लागतो, आणि पडद्याशेजारचा कागद नव्या तारखेसह बदलला जातो.